जिवंत नमुना

डाव्या घोट्यावर काहीतरी कडकडून चावलं तेव्हा ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, पायरीवर, निवृत्त पोस्टमास्तरांच्या शेजारी बसून त्यांची समजूत घालत होती. शनिवारची दुपार होती. अर्ध्या दिवसाचं काम आटोपून ती घरी निघालेली, पिशवीत एक कोबी, आणि वाटेत हे म्हातारे गृहस्थ दाराबाहेर पडलेल्या रिकाम्या घोंगडीकडे बघत बसलेले. त्यांचा कुत्रा पहाटे गेला होता. चौदा वर्षांचा, लठ्ठ, चोरावर सोडाच, मांजरावरसुद्धा कधी न भुंकलेला. खाऊन झोपायचं आणि उठलं की आता काय आहे म्हणून तोंडाकडे बघायचं, एवढीच त्याची कर्तबगारी, म्हणून पोस्टमास्तरांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. नगरपालिकेची गाडी जावईबापूंना घेऊन गेली होती आणि घोंगडी तेवढी मागे राहिली होती. “शेवटची आंघोळ घालावी म्हटलं,” पोस्टमास्तर सांगत होते, “पण जड किती तो! मग नुसती फणी फिरवली. चांगली तासभर फिरवली. आणि काय सांगू तुम्हाला, जन्मभर ज्याला पिसवांनी सळो की पळो केलं, त्याच्या अंगावर आज एक पिसू सापडली नाही. औषधाला नाही! इतका स्वच्छ तो कधीच नव्हता हो.” नेमकं तेव्हाच ते चावलं. तिने वाकून बघितलं तर पिसूच, घोंगडीवरून उडून आलेली, तांबूस, चपटी, गरम रक्ताच्या पहिल्या पायाला घट्ट धरून बसलेली. तिने ती दोन नखांत पकडली आणि तशीच वाकून राहिली. काळजात धस्स झालं होतं, आणि का झालं ते डोक्याला कळायला अजून दोन क्षण लागायचे होते.

स्वच्छ. हाच शब्द तिने सकाळी साडेअकराला प्रयोगशाळेच्या छापील कागदावर लिहिला होता. ‘कल्ले’ या रकान्यासमोर स्वच्छ, ‘त्वचा’ या रकान्यासमोर स्वच्छ, खाली सही. अठरा वर्षं ती एकाच खुर्चीवर, एकाच खिडकीशी बसून माशांची पिल्लं काचेवर घेते. तळ्यांवरचे लोक तिला काचवाल्या बाई म्हणतात, आणि काचवाल्या बाईंनी सांगितलं म्हणजे तो विषय संपला असं मानतात. बोटाच्या पेराएवढी ही पिल्लं, बोटुकली म्हणतात त्यांना, तळ्यात अचानक मरायला लागली की लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून पाच-सहा बोटुकल्या घेऊन धापा टाकत येतात, आणि हे कशामुळे ते तिने सांगायचं असतं. बहुतेक वेळा कारण एकच निघतं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण तिने पहिल्याच वर्षी त्याला भिंगरी म्हटलं आणि ते नाव सगळ्यांनी उचललं. बशीसारखा गोल, कडेने केसाळ, पोटाखाली दातेरी चकती असलेला हा परजीवी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कल्ल्यांवर बसून गरगर फिरत राहतो, आणि शेकडोंनी फिरायला लागले की पिल्लाचा श्वास कोंडतो. उपाय साधा, मिठाचं पाणी. पण भिंगरी दिसली तरच. मासा मेला की तास-दोन तासांत भिंगऱ्या त्याला सोडून निघून जातात आणि काचेवर उरतो नुसता कल्ला, काही न सांगणारा. म्हणून नमुना जिवंतच हवा. तशी पाटी तिच्याच अक्षरात प्रयोगशाळेच्या दारावर आहे, दर वर्षी शिकायला येणाऱ्यांकडून ती हे पहिल्याच दिवशी घोकून घेते. आणि आज सकाळच्या पिशवीत सहा बोटुकल्या होत्या, चार पोहत होत्या, दोन तळाशी पडल्या होत्या, आणि तिने तळाशी पडलेल्या दोन उचलल्या होत्या.

पिशवी दोन जावांच्या तळ्यावरून आली होती. दोघींची शेजारीशेजारी दोन तळी, मिळून साठेक हजार बोटुकल्या, आणि चार दिवस रोज मूठ-दोन मुठी मेलेल्या वर येत होत्या. त्यांच्या सल्लागाराने सांगून ठेवलं होतं की परजीवी निघाले तर मीठ, आणि काहीच निघालं नाही तर हा तो औषध नसलेला मोठा रोग समजायचा. मग पाणी पाटातून शेजाऱ्यांच्या तळ्यांत जायच्या आत चुना टाकून सगळं संपवायचं, एकही ठेवायचं नाही. हे तिला ठाऊक होतं. थोरल्या जावेने फोनवर तिला ते स्वतः सांगितलं होतं, आणि निकाल ऐकल्यावर जरा थांबून विचारलं होतं, “म्हणजे मग चुनाच ना, बाई?” तिने पेनाला टोपण लावत म्हटलं होतं, “हो मावशी, मग चुनाच.” वर “वाईट वाटतं,” असंही म्हटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं, ते तिला खरोखरच वाटलं होतं, जसं दुसऱ्याच्या घरच्या दुखण्याचं वाटतं तसं.

“चावली का? त्याचीच असणार,” पोस्टमास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. “मारलीत?” तिने बोटं उघडली. पिसू टुणकन उडून घोंगडीत गेली. पोस्टमास्तरांना का कोण जाणे त्याचं बरं वाटलं. ती कोबी तिथेच पायरीवर विसरून वर धावली, दार उघडायच्या आत तळ्यावरच्या थोरलीला फोन लावला, आणि तो वाजत राहिला. वाजतच राहणार होता. एकदा पाण्यात पडला तेव्हापासून तो फोन घरातल्या डब्यात ठेवून दोघी तळ्यावर जातात, हेही तिला ठाऊक होतं. आज तिला सगळंच ठाऊक होतं, आणि काडीचा उपयोग झाला नव्हता.

नवरा घरी होता. तो लिफ्टची दुरुस्ती करतो आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहतो, हा विनोद त्याचा तोच इतक्या वेळा करून झालाय की आता कुणी हसत नाही. त्याने तिचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातात पाणी दिलं. तिने ते न पिता सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, उलटसुलट, पिसूपासून सुरू करून, त्यामुळे त्याला कळायला जरा वेळ लागला. “पण जिवंत होत्या ना चार?” तो म्हणाला. “मग मेलेल्या का घेतल्यास?” तिने पेला खाली ठेवला. “घाईत होतीस?” “नाही.” “मग?” “मेलेल्या होत्याच,” ती म्हणाली. “आणखी एक कशाला मारायची, असं वाटलं.” त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. “आजच वाटलं?” तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली. कधीपासून ते त्यालाही माहीत होतं. “आमच्याकडे एक बरं असतं,” तो म्हणाला, “चुकलं की लिफ्ट अडकते. आतली माणसं बोंब मारतात. लगेच कळतं.” आणि मग, “जा तू. पोचशील.” प्रयोगशाळा बंद झाली होती, पण कपाटावर लाकडी पेटीत एक जुना मायक्रोस्कोप होता, आरशाचा, विजेशिवाय चालणारा, प्रयोगशाळेने मोडीत काढला तेव्हा तिने तो आईसाठी घरी आणला होता. नवऱ्याने स्टुलावर चढून पेटी काढली, पुसली, आणि तिच्या हातात देताना कडीला सुतळीची गाठ मारली, कारण ती कडी कधीच नीट लागत नसे.

बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. पेटी मांडीवर घेऊन ती बसली आणि शहर मागे जायला लागलं: पत्र्याच्या शेडी, टायरांची दुकानं, एका गच्चीवर वाळत घातलेल्या दहा-बारा सारख्याच पांढऱ्या चादरी. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती, जिथे कुणी नव्हतं तिथेसुद्धा थांबत होती, आणि प्रत्येक वेळी ती घड्याळ बघत होती. गेल्या वर्षी आईचं आजारपण सहा महिने चाललं. शेवटी शेवटी आईला वाचता येईना, टीव्हीचा आवाज नको वाटे, मग तिने हा मायक्रोस्कोप पलंगाशी लावला आणि आई रोज एक काहीतरी बघायची. स्वतःचा पांढरा केस. कांद्याचा पापुद्रा. साखर. “अगं, साखरेला कोपरे असतात!” आई म्हणाली होती, जणू इतकी वर्षं साखरेने तिच्यापासून ही गोष्ट लपवून ठेवली होती. मग बघणंही थांबलं. शेवटच्या दुपारी आई तोंड उघडायची आणि मिटायची, उघडायची आणि मिटायची, आवाज नाही, घाई नाही, आणि ती हात धरून बसलेली. तेराव्या का चौदाव्या दिवशी ती कामावर परत गेली, पहिली पिशवी उघडली, एक बोटुकली ओल्या तळहातावर घेतली. डाव्या हाताच्या अंगठ्याने डोकं धरायचं, उजव्या हातातली सुई मानेमागे, एक क्षण. हजारो वेळा केलेलं. बोटुकलीने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं आणि मिटलं. तिचा उजवा हात हवेतच राहिला. मागे कुणीतरी स्टूल सरकवलं तेव्हा ती भानावर आली, बोटुकली पिशवीत सोडून दिली, आणि तळाशी एक मेलेली पडली होती ती घेतली. नुकतीच मेलेली होती, त्या वेळी चाललं. भिंगऱ्या होत्या अजून तिच्यावर, दोन-तीन, निघायच्या तयारीत असल्यासारख्या. तिने निकाल बरोबर दिला आणि कुणाला काही कळलं नाही. हीच तर गंमत झाली, की तिला स्वतःलाही कळलं नाही. त्यानंतर मेलेली निवडायची ती सवयच झाली, अगदी दयाळूपणाची वाटावी अशी सवय, घरी येताना मनाला हलकं वाटायचं. वर्षभरात स्वच्छ म्हणून किती कागद गेले? ती बोटांवर मोजायला लागली. मार्चमध्ये एक, मग पावसाळ्याच्या आधीचे दोन, तो काळ्या गाडीवाला, त्या बहीणभावांचं तळं. अकरापर्यंत येऊन ती थांबली. पुढे आठवेना, की आठवू देईना, सांगणं कठीण.

तिला लाज वाटत होती. साधी, लहान मुलीला वाटते तशी, कानाची पाळी तापवणारी लाज. आणि तशीच लाज पूर्वी कधी वाटली होती ते शोधत मन मागे गेलं तर थेट तिसरीच्या वर्गात जाऊन थांबलं. डोक्यात उवा झाल्या म्हणून बाईंनी घरी पाठवलं होतं, हातात चिठ्ठी देऊन, सगळ्या वर्गासमोर. घरापर्यंत ती भिंतीच्या कडेकडेने गेली. आईने चिठ्ठी वाचली आणि रागावायच्या ऐवजी बाह्या सरसावल्या. उन्हात बसवलं, मांडीवर पांढरं फडकं पसरलं आणि बारीक दातांची फणी चालवायला घेतली, आणि एकेक ऊ फडक्यावर पडली की आईच्या तोंडावर असा काही आनंद उमटायचा की जणू हरवलेली कानातली कुडीच सापडली. “बघ ही! बघ केवढी!” तिला मात्र रडू येत होतं. ती म्हणाली, मी घाणेरडी आहे. आई हसली. “वेडाबाई, ऊ जित्या डोक्यात राहते. जिथे ऊब असते तिथे राहते. तुझं डोकं गरम आहे म्हणून आली ती.” त्या वेळी यात समजूत कसली ते तिला कळलं नव्हतं, घाणेरडं वाटायचं ते वाटतच राहिलं होतं. आता बसच्या काचेला कपाळ टेकून तिला वाटलं, आईला ज्याच्या त्याच्यात बरं शोधायची खोडच होती, आणि ती खोड आपल्यात आली नाही. आपल्यात आलंय ते नुसतं बघणं. आणि गेलं वर्षभर तेही जमलेलं नाही. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला, पेटी मांडीवरून घसरली, तिने ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि पुढचे चार थांबे तशीच धरून ठेवली.

उतरल्यावर अर्धा मैल चालायचं होतं. ती चालली नाही, पळाली. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, हातात पेटी, एका पायातली चप्पल सारखी निसटतेय अशी, आणि बांधावर चढल्याबरोबर तिला पहिलं तळं दिसलं. पांढरं. दुधात पाणी घातल्यासारखं पांढरं, आणि त्यावर काठाकाठाने एक चंदेरी पट्टा, वाऱ्याने जरा जरा हलणारा. तो पट्टा कशाचा ते तिला कळलं. चुन्याचा वास नाकात गेला. काठावर रिकामी पोती घडी करून ठेवली होती, नीट, एकावर एक, काम मन लावून करणाऱ्या माणसाने ठेवावीत तशी. थोरली जाऊ बांधावर बसून पायाला लागलेला चुना गवताने पुसत होती. साठीची, उंच, हाडापेराने मजबूत बाई. तिने वर बघितलं. “बाई? तुम्ही कशाला आलात इतक्या लांब?” तिच्या आवाजात राग नव्हता, उलट पाहुण्याचं अप्रूप होतं, आणि ते ऐकवेना. “दुसरं तळं?” तिने धापा टाकत विचारलं. थोरलीने तोंड वेंगाडलं. “ते राहिलंय. मी आधी टाकला ना चुना, मग ती कशी टाकेल? मी पूर्वेला गेले की ती पश्चिमेला. दुपारपासून पोतं फोडून बसलीय नुसती.” धाकटी वीस पावलांवर होती, दुसऱ्या तळ्याच्या काठावर, पोत्यावर बसून पाय हलवत. या दोघी आठ वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत हे सगळ्या तळेवाल्यांना ठाऊक होतं. एका कपाटावरून सुरू झालेलं ते भांडण आता कपाट मोडीत गेलं तरी चालूच होतं. तळी मात्र दोघी एकत्रच सांभाळत, जाळं दोन टोकांना धरून दोघी ओढत, फक्त तिसरं कुणी असेल तर त्याच्यामार्फत बोलत, नसेल तर बोलतच नसत. “त्यांना सांगा,” धाकटीने तिथूनच आवाज दिला, “मी काही त्यांच्या आधी नाही आणि नंतरही नाही. माझ्या मनाला येईल तेव्हा टाकेन. हलतायत अजून, दिसत नाही का?”

हलत होत्या. गढूळ हिरव्या पाण्यात, वरच्या थराशी, तोंडं वर करून हजारोंनी. ती दोन्ही तळ्यांच्या मधल्या बांधावर उभी राहिली आणि तिला समजलं की आता आधी बघून मग सांगायचं, की आधी सांगून मग बघायचं, हे तिलाच ठरवायचंय. आधी बघितलं आणि भिंगऱ्या निघाल्या, तर सांगणं सोपं होतं: पुन्हा तपासावंसं वाटलं, बरं झालं आले. कुणी विचारलं नसतं. तिची अठरा वर्षं, खुर्ची, खिडकी, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. त्या चंदेरी पट्ट्यातून एक सुटी बोटुकली तरंगत काठाला लागली, पोट वर. तिने पेटी खाली ठेवली. “मावशी,” ती म्हणाली, “सकाळी मी मेलेले मासे तपासले. पिशवीत जिवंत होते. मी मेलेले घेतले. मेलेल्यावर काही दिसत नाही, आणि मी स्वच्छ लिहिलं. कदाचित औषध होतं. कदाचित तुमचंही तळं वाचलं असतं.” थोरलीच्या हातातलं गवत थांबलं. “का?” तिने विचारलं. नुसतं एवढंच. आणि तिच्याजवळ देण्यासारखं एकच उत्तर होतं, ते लहान होतं आणि या पांढऱ्या तळ्यापुढे अगदीच लहान दिसणार होतं, तरी तिने ते दिलं. “आई गेली तेव्हापासून माझा हात होत नव्हता. जिवंत मारायला.” थोरली उठून उभी राहिली. एकदा पांढऱ्या पाण्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. तिला वाटलं आता ही थोबाडीत देईल, आणि दिली तर बरं होईल. “तीस हजार होती,” थोरली म्हणाली. “मत्स्यजिरं आणलं होतं तेव्हा जिऱ्याएवढं होतं, खरंच जिऱ्याएवढं. मी वाढवली. मीच टाकला.” मग तिने नाक ओढलं, तोंड पुसलं, आणि आवाज एकदम चढला. “आता उभ्या काय राहिलात? त्या पेटीत काय आहे? बघा की! रडायचं असेल तर मी रडेन, माझं तळं आहे. तुम्ही बघा!”

पोत्याखालची फळी, तिच्यावर मायक्रोस्कोप, आरसा उन्हाकडे. ऊन उतरायला लागलं होतं तरी पुरेसं होतं. धाकटीने ओंजळीएवढ्या जाळ्याने एक बोटुकली काढून आणली आणि तिच्या ओल्या तळहातावर सोडली. गार, गुळगुळीत, कसलंच वजन नसलेली. तोंड उघडलं, मिटलं. तिने अंगठ्याने डोकं धरलं. उजवा हात सुई घेऊन पुढे आला आणि थांबला, जसा तो वर्षभर थांबत आला होता, आणि तिने तो थांबू दिला, बघितलं, नीट बघितलं, त्या एवढ्याशा तोंडाकडे, उघडण्याकडे, मिटण्याकडे. ही आई नव्हती. हे तिला या क्षणी इतकं लख्ख दिसलं की आश्चर्य वाटलं. ही बोटुकली होती आणि हिचा श्वास कोंडला होता, आणि तिच्यासारख्या तीस हजारांचा कोंडत होता. आईसाठी काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. इथे होतं. तिने सुई घातली. कल्ला कापून काचेवर, पाण्याचा थेंब, वर पातळ काच, डोळा नळीला. आधी नुसता उजेड दिसला, मग लाल झालर, मग तिने बारीक चाक फिरवलं आणि झालरीच्या कडेला काहीतरी हललं. गोल. केसाळ. गरगर. एक, आणि त्याच्यामागे दुसरी, आणि मग तिला मोजायची गरज उरली नाही; सगळा कल्ला भिंगऱ्यांनी भरलेला होता, कुठे घसरत, कुठे उलट्या होऊन आपली दातेरी चकती दाखवत, मुलांच्या खेळाच्या मैदानासारखी नुसती धावपळ. तिच्या तोंडून हसू फुटलं. मोठ्याने, बेशरमपणे फुटलं, आणि त्याच वेळी डोळ्यांतलं पाणी नळीच्या काचेवर पडून सगळं धूसर झालं. “आहेत,” ती म्हणाली. “आहेत, खूप आहेत! मीठ आणा. घरात असेल नसेल तेवढं मीठ आणा.”

मग पुढचा तास बोलणं असं झालं नाही. प्लॅस्टिकचा मोठा टब, त्यात पाणी, पाण्यात तिने हाताने कालवलेलं मीठ. शेजारी स्वच्छ पाण्याची टाकी, तिच्यात हवेची नळी सोडलेली. जाळ्याने एका टोपलीत मावतील तेवढ्या बोटुकल्या काढायच्या, टोपलीसकट मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, आणि बघत उभं राहायचं. यात औषध आणि मरण यांच्यात थोडाच वेळ असतो. लवकर काढल्या तर भिंगऱ्या सुटत नाहीत, उशीर झाला तर पिल्लंच जातात. खूण एकच, पहिली बोटुकली कुशीवर कलली की टोपली उचलायची, आणि ती कलेपर्यंत उचलायची नाही. पहिली टोपली तिने स्वतः धरली. बोटुकल्या आधी उसळल्या, मग मंद झाल्या, तोंडं उघडायला आणि मिटायला लागली, शेकडो तोंडं, आणि तिच्या प्रत्येक बोटाला टोपली वर ओढावीशी वाटत होती. तिने ओढली नाही. थोरली तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती, तिचा श्वास कानाशी लागत होता. एक कलली. “आता!” थोरलीच ओरडली. टोपली वर, तिथून टाकीत. टाकीत सोडलेल्या बोटुकल्या पानांसारख्या खाली गेल्या आणि तळाशी आडव्या पडल्या. सगळ्या. एकही हलेना. हवेचे बुडबुडे वर येत होते, धाकटीने तोंडावर हात धरला होता. यात चुकलं असेल तर आता कुणाला सांगायचंही राहिलं नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग तळाशी एका कोपऱ्यात एकीने शेपूट हलवलं, आडवी होती ती उभी झाली, पुन्हा कलली, पुन्हा सावरली, आणि बुडबुड्यांच्या दिशेने पोहू लागली. तिच्यामागे दुसरी. मग बघता बघता तळ रिकामा झाला आणि टाकीभर नुसत्या बोटुकल्या झाल्या, खालीवर, इकडेतिकडे, तोंड वर न करता पोहणाऱ्या. थोड्या तळाशीच राहिल्या. त्या उठल्या नाहीत. तिने त्यांच्याकडेही बघितलं.

“सोमवारी मला अकरा ठिकाणी फोन करायचेत,” ती थोरलीला म्हणाली. “अकरा तरी. बाकीचे नोंदवहीत सापडतील.” थोरलीने रिकामी टोपली तिच्या हातातून घेतली आणि धाकटीकडे नेऊन दिली, म्हणजे हातात नाही, समोर जमिनीवर ठेवली. धाकटीने ती उचलली. पण तळ्याकडे वळायच्या ऐवजी ती तिथेच उभी राहिली, पांढऱ्या तळ्याकडे बघत, आणि मग हिच्याकडे तोंड करून म्हणाली, “बाई, त्यांना सांगा. यातल्या जगतील त्यांतल्या अर्ध्या त्यांच्या तळ्यात सोडायच्या. त्यांनी नको म्हटलं तरी मी सोडणार आहे म्हणावं.” थोरली हाताच्या अंतरावर उभी होती. प्रत्येक शब्द तिने ऐकला होता. तरी तिने मान वळवून हिला विचारलं, “काय म्हणते ती?” तेव्हा मिठाने चुरचुरणारे हात पाण्यात धरून काचवाल्या बाईंनी ते सगळं पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता, अर्ध्या, आणि नको म्हटलं तरी. थोरलीने टाकीतली हवेची नळी उगाच सरळ केली. “तिला म्हणावं,” ती शेवटी म्हणाली, “चुना निवळायला पंधरा दिवस लागतील. तोवर जगव त्यांना.”